कुठला वास सोसवेल?

सुधा सिस्टर,

तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आलात तेव्हा घरात पंखा होता, बसायला दोन खुर्च्या होत्या आणि आयनं तुमच्यासाठी चिनीमातीची बशी काढली होती. त्याआधीचं घर तुम्ही पाहिलं नाहीत. ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं.

एडवणला आमची एक खोली होती आणि खोलीपुढे तिच्या कितीतरी पट वाळवणाची जागा. माणसांपेक्षा मासळीला जागा जास्त लागते, असं आय म्हणायची, आणि त्यात तिला काही गैर वाटायचं नाही. बापाची होडी खडकावर फुटली तेव्हा मी लहान होते. नवी होडी काही झाली नाही. बाप दुसऱ्यांच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला, आणि मिसरूड फुटायच्या आत माझा भाऊ बाबू त्याच्या मागोमाग गेला. आय टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. पावसाळ्यात बोटी बंद. मग सुके बोंबील आणि आम्ही एकाच छपराखाली. माझा शाळेचा झगा वाळायचा त्याच्या खालीच मासळीची पोती रचलेली असायची. पुढे कॉलेजात गेले तर माझ्या बाकावर माझ्याशिवाय कोणी बसायचं नाही. तोंडानं कोणी काही बोललं नाही, मुली नुसत्या पुढच्या बाकावर दाटीवाटीनं बसायच्या. मी वही पसरून, कोपरं पसरून आरामात बसायची. तेवढी ऐट माझ्यात तेव्हाही होती.

विकत आणलेला सुवास आमच्या घरात एकाच प्रसंगी शिरायचा. आमच्या वाडीत कोणी गेलं आणि त्याचा मुलगा किंवा नवरा बोटीवर असला, तर बोट बंदराला लागेपर्यंत देह ठेवायचा. कधी एक दिवस, कधी त्याहून जास्त. मग वाण्याकडची सेंटची बाटली आणून देहावर, चादरीवर, दाराच्या पडद्यावर शिंपडायची. बाप गेला तेव्हा बाबू दर्यावर होता. तो येईपर्यंत आमची खोली त्या सेंटनं भरून गेली होती. थंड, गोड, लिंबासारखा वास. आय त्याला ‘मढ्यावरचा सेंट’ म्हणायची. लग्नाकार्यात कोणी तसला सेंट लावून आलं तर ती उठून दुसरीकडे जाऊन बसायची.

हे सगळं मला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

मी बीएस्सी झाले. आमच्या घरातली पहिली, आमच्या आळीतली पहिली. हे मी सांगते तेव्हा अजून माझी मान ताठ होते, आणि तुम्ही अजून हसता असं मला वाटतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत साबणाला आणि उदबत्तीला लागणारी सुवासिक तेलं तयार करणाऱ्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, मला नोकरी लागली. कारखान्याजवळच्या पाम गावात मी एक खोली घेतली. आळीतल्या बायका आयला म्हणाल्या, “पोरीला मासलीचा वास नको झाला, म्हनून वासाच्या कंपनीत गेली.” आयनं टोपली डोक्यावर घेतली आणि उत्तर दिलं, “गेली तर गेली. तुमच्या पोरी खंय गेल्या?”

त्याच आयच्या पित्ताशयात खडे निघाले, आणि मी तिला बोईसरला डॉक्टरांच्या दवाखान्यात आणलं. तिथं तुम्ही होतात. ऑपरेशन झालेल्यांचा वॉर्ड तुमच्याकडे होता. उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. मला पाहिल्यावर तुमचा पहिला प्रश्न, “काय शिकलीस?” मी म्हटलं, “बीएस्सी, केमिस्ट्री.” तुम्ही म्हणालात, “वा! मग पॉट धुवायला लाज नाही ना वाटणार?” त्या दिवसापासून तुम्ही मला बीएस्सीच म्हणालात. माझं खरं नाव तुमच्या तोंडून मी फार क्वचित ऐकलं.

ऑपरेशन नीट झालं. पण गुंगी उतरायला लागली तशी आयला मळमळ सुरू झाली. पोटात काही नव्हतं, तरी कोरडे उमाळे. प्रत्येक उमाळ्याला ती पोट धरायची आणि तुम्ही टाक्यांवर हात दाबून धरायचा. इंजेक्शन दिलं होतं, सलाईन चालू होतं. उमाळे कमी व्हायचे आणि फिनेलचा पोचा फिरला की परत यायचे. “मला घरी न्या, ह्या वासानं मी मरंन,” एवढंच ती बोलायची. असे उमाळे येत राहिले तर टाके तुटतील, हे तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको नाकाला पदर लावून बसली होती. ती तुम्हाला म्हणाली, “सिस्टर, ह्यांच्या कपड्यांना मासळीचा वास येतोय.” तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, “फिनेलचा येतोय तो कसा चालतो तुम्हाला?” सिस्टर, ते वाक्य मी जपून ठेवलंय. कॉलेजात मला ते कोणी म्हणून दाखवलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी मी पामला माझा डबा करायला गेले होते. तेवढ्यात तुम्हाला आयची दया आली. तुमच्या पालघरच्या घरी कोणी आजारी पडलं की कपाळावर ओडिकोलनची घडी ठेवायची पद्धत. तुम्ही पर्समधली बाटली काढलीत, रुमालाची घडी भिजवलीत आणि आयच्या कपाळावर ठेवलीत. मायेनं ठेवलीत. आय अर्धवट गुंगीत होती. तिनं डोळे न उघडता विचारलं,

“बाबू आला काय दर्यावरून?”

“येईल हां मावशी, निरोप गेलाय त्याला.”

“मंग आता नका ठेवू. उचला मला. त्याला म्हनावं, तोंड बगून घे आनि उचल.”

मी डबा घेऊन वॉर्डाच्या दारात आले आणि तो वास माझ्या नाकात गेला. बाप गेला तेव्हाची खोली माझ्यासमोर उभी राहिली. आय डोळे मिटून, हात छातीवर जुळवून, अगदी सरळ निजली होती. उमाळे बंद झाले होते, आणि तुम्ही समाधानानं माझ्याकडे बघितलंत. “बघ, शांत झाली.”

“सिस्टर, ती घडी काढा. आधी काढा ती!”

“अगं, ओडिकोलन आहे. आमच्याकडे आजारी माणसाला ठेवतात.”

“आमच्याकडे मेलेल्या माणसाला शिंपडतात. ती बाबूची वाट बघतेय.”

तुम्हाला समजायला एक क्षण लागला. मग तुम्ही काय केलंत ते मी पुढे कितीतरी जणांना सांगितलंय. घडी बाहेर टाकलीत, कोपरापर्यंत हात साबणानं धुतलेत, आयचं कपाळ साध्या पाण्यानं पुसलंत, खिडकी उघडलीत. मग तिच्या कानाशी वाकून म्हणालात, “मावशी, तुम्ही बोईसरला दवाखान्यात आहात. जिवंत आहात. चिमटा काढू का?”

आयनं एक डोळा उघडला. “काढ.”

तुम्ही काढलात. जोरात.

“दुकतंय गो!”

“दुखतंय ना? मग झालं.”

आणि मग तुम्ही खाटेशेजारी स्टूल ओढून बसलात. घाईचा वॉर्ड, तीन पेशंट हाका मारत होते, तरी बसलात. “मावशी, चूक माझी. मला आधी विचारायला हवं होतं. आता सांगा, कुठला वास सोसवेल तुम्हाला?”

तुमच्या तोंडून तो प्रश्न निघाला तो असा.

आय म्हणाली, “सुका बोंबील भाजून आन.”

नाकाला पदर लावणारी बाईसुद्धा हसली. तुम्ही म्हणालात, “तो डॉक्टर खाऊन टाकतील. दुसरा सांगा.” आय म्हणाली, “पातीचा चहा. उकलताना वास येते तो.” गवती चहाला आमच्याकडे तेच नाव. दवाखान्याच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ त्याचं बेट होतं, तुमच्या चार वाजताच्या चहासाठी लावलेलं. तुम्ही पात तोडून आणलीत, हातावर चुरडलीत आणि आयच्या नाकाशी धरलीत. तिनं लांब श्वास घेतला. परत घेतला. म्हणाली, “हा. ह्यो घरचा.”

एका पातीनं ती बरी झाली असं मी म्हणणार नाही, तुम्ही मला म्हणू देणारच नाही. उमाळे आले, पण लांब लांबनं आले. आला की ती स्वतः पात मागायची, श्वास घ्यायची, आणि बरेचदा तो परतून जायचा. घरी न्या हे बोलणं थांबलं. टाके शाबूत राहिले. बाबू आला तेव्हा ती उशाला टेकून बसली होती, आणि त्याला म्हणाली, “एवडी घाई करून आलास, मासली कोन उतरवनार?”

डॉक्टरांच्या राऊंडचं मात्र बघण्यासारखं झालं. “हे काय? पेशंटच्या नाकाशी गवत?”

तुम्ही म्हणालात, “तोंडानं काही द्यायचं नाही असं तुम्ही सांगितलंय. नाकाचं काही सांगितलेलं नाही.”

“सिस्टर, हा वॉर्ड आहे. अत्तराचं दुकान नाही.”

“म्हणून तर गवत आणलं. अत्तराचा प्रयोग सकाळी फसला.” आणि ओडिकोलनची हकिकत तुम्ही स्वतःच्या तोंडानं, सगळ्या वॉर्डासमोर, काहीही न लपवता सांगितलीत. डॉक्टर हसले नाहीत. ते क्वचितच हसायचे. पण आयची नाडी बघताना ते जरा जास्त वेळ थांबले.

आय घरी गेल्यावर मी प्रयोगशाळेतून तीन तेलं घेऊन तुमच्याकडे आले, कारखान्यात विचारून. गवती चहाचं, पुदिन्याचं आणि आल्याचं. मला वाटलं, शिकलेल्या माणसानं पातीवर कशाला थांबायचं? तुम्ही बाटली उघडलीत आणि डोकं मागे घेतलंत. “बाई गं! हे तर पेशंटला खाटेवरून उठवून पळवेल.” मग आपण दोघींनी युक्ती काढली. इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या कुप्या, रबरी बुचाच्या, रोज फेकल्या जायच्या. त्या उकळून घ्यायच्या, आत कापसाचा बोळा, बोळ्यावर एकच थेंब, वर बूच. कुपी पेशंटच्या उशाखाली. हवी तेव्हा त्यानं उघडायची, हुंगायची, बंद करायची. शेजाऱ्याला त्रास नाही, आणि केव्हा हुंगायचं ते पेशंटच्या हातात. तुम्ही म्हणालात, “ऑपरेशन झालेल्या माणसाच्या हातात दुसरं काहीच नसतं गं. नळ्या आमच्या, सुया आमच्या, वेळ आमची. एवढी एक वस्तू त्याची असू दे.”

डॉक्टरांनी अटी घातल्या. औषध आधी, वास नंतर. जखमेवर नाही, कातडीवर नाही, पोटात नाही. दमेकऱ्याला नाही. ऑक्सिजन चालू असेल तिथं नाही. एकाही पेशंटनं तक्रार केली तर बंद. आणि शेवटी, स्टेथोस्कोप खिशात घालताना, म्हणाले, “तुम्ही आहात तोवर चालू दे, सिस्टर. तुमच्या जबाबदारीवर.”

तुम्ही आहात तोवर. ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. अटी मान्य झाल्याच्या आनंदात होते.

नंतरची वर्षं मला सलग आठवत नाहीत, माणसं आठवतात. सालवडला राहणारा तो उत्तर प्रदेशाकडचा कामगार, मशीनमध्ये हात गेलेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही तुमच्या त्या भयंकर हिंदीत विचारलंत, “भैया, कौनसा वास चलेगा तुमको?” तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, “बहनजी, सरसों का तेल। अम्मा सर में लगाती थी।” मी म्हटलं, मोहरीच्या तेलात मळमळीवरचं काही नसतं. तुम्ही म्हणालात, “त्यानं तुला मळमळीचं विचारलं का?” आणि बाजारातून तेल मागवलंत. डोंगराकडच्या गावातून आलेल्या एका बाईनं काही सांगितलंच नाही, नुसती मान खाली. तिच्या नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून सुकी मोहाची फुलं आणली. डॉक्टर म्हणाले, “आज फुलं, उद्या दारू आणतील वॉर्डात.” तुम्ही म्हणालात, “आणली तर तुम्हाला आधी सांगेन.” त्या वेळी मात्र ते हसले. मी साक्षीला आहे.

आणि एकदा एका बाईंनी सांगितलं, “मला कसलाच वास नको.” मी पुदिना किती चांगला ते समजावायला लागले. तुम्ही माझा दंड धरून मला बाहेर काढलंत. “नको म्हणाली ना? तेही उत्तरच आहे.”

आपलं भांडण काय होतं ते आता कोणाला सांगू? मी म्हणायची, तेलात घटक असतात, ते नाकातून आत जातात, मळमळ कमी करतात, मन सैल करतात. म्हणून गुण येतो. तुम्ही म्हणायचा, गुण विचारण्यात आहे. “माणूस घाबरलेला असतो. कोणी त्याला त्याच्या घरचा वास विचारतं. तिथंच अर्धं काम होतं.” मी म्हणायची, मग कुप्या कशाला भरता, नुसतं विचारा. तुम्ही म्हणायचा, विचारून दिलं नाही तर ती फसवणूक. मी घटकांची नावं सांगायला लागले की तुम्ही ठेवणीतला बाण काढायचा. “ओडिकोलनमध्ये कसलं तेल असतं, बीएस्सी?”

“लिंबाच्या जातीचं.”

“आणि पातीच्या चहाला वास कसला?”

“लिंबासारखाच. पण सिस्टर, त्यात बाकीची तेलं असतात, अल्कोहोल असतं...”

“तुझ्या आईला एकानं मेल्यासारखं वाटलं आणि एकानं घरी आल्यासारखं. आता घटक सांग.”

मला तिथं दर वेळी गप्प बसावं लागायचं, आणि मला गप्प बसायची सवय नाही. मी म्हटलं, आपण नीट तपासू. अर्ध्या पेशंटना तेलाची कुपी देऊ, अर्ध्यांना नुसत्या पाण्याची, आणि बघू. तुम्ही ताडकन म्हणालात, “माझ्या वॉर्डात पोट फाडलेल्या माणसाला मी पाणी हुंगायला देणार नाही.” मी म्हटलं, न तपासता देणं हे तरी कुठं बरोबर? ते भांडण चांगलंच पेटलं. आपण दोघी एक महिनाभर नुसत्या कामापुरत्या बोलत होतो. मग तुम्ही एक दिवस डबा उघडून माझ्यापुढे सरकवलात, त्यात अळूवडी होती, आणि विषय तिथंच राहिला.

मी अजून म्हणते, तपासायला हवं होतं. तुम्ही गेलात म्हणून मी माझं मत बदलणार नाही. ते तुम्हालाही आवडलं नसतं.

मग तुमच्या पोटात दुखायला लागलं. मुंबईला जा, असं डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं. तुम्ही म्हणालात, “माझ्या वॉर्डातच. मी दुसऱ्यांच्या वॉर्डातल्या चादरी सहन करू शकणार नाही.” डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं, आणि फार काही न करता परत शिवलं. बाहेर आले आणि नळाखाली बराच वेळ हात धूत राहिले. मला कळलं.

तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा मी समोर होते. माझ्याकडे तीन कुप्या होत्या. पात, पुदिना आणि एक नवीन, वाळ्याचं तेल, त्यासाठी मी मुद्दाम खटपट केली होती. मी स्टूल ओढलं आणि तुमच्याच आवाजात विचारलं, “सिस्टर, कुठला वास सोसवेल तुम्हाला?”

तुम्ही वाळ्याची कुपी हुंगलीत. “छान आहे. तुझ्या घरी ठेव.” मग ड्रेसिंगच्या ट्रॉलीकडे बोट केलंत. “स्पिरिट दे.”

मला वाटलं, गुंगीत बोलताय.

“गुंगीत नाही. स्पिरिटचा बोळा दे. आयुष्यभर माझ्या हातांना हाच वास होता. ह्या वासात मला कधी भीती वाटलेली नाही.”

मी कुपीत स्पिरिटचा बोळा घातला. ज्या वासाला सगळे पेशंट नाक मुरडायचे, तो तुम्ही डोळे मिटून घेतलात. तुमच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. थोड्या वेळानं, डोळे न उघडता, म्हणालात, “आता सांग बीएस्सी. स्पिरिटात कुठला घटक आहे?”

माझ्याकडे उत्तर होतं. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, सिस्टर. हे उत्तर जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, “जिंकलात.” तुम्ही हसलात, आणि टाक्यांवर हात धरलात, कारण हसताना दुखत होतं. ते उत्तर आज देते. आणि त्याच्याबरोबर जे खरंच बोलायचं राहून गेलं तेही. बाकावर एकटीनं बसायची मला इतकी सवय झाली होती की कोणी शेजारी येऊन बसलं तर काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी भांडत राहिले. तुमच्याशी भांडायला मिळावं म्हणून कारखाना सुटल्यावर मी सायकल मारत दवाखान्यात यायची. घटकांसाठी नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमचे भाऊ इंदूरहून निघाले होते. ते पोहोचेपर्यंत तुम्हाला ठेवावं लागलं. पालघरच्या तुमच्या घरी बायकांनी सगळं नीट केलं होतं, आणि कोणीतरी, मायेनंच, तुमच्या चादरीवर ओडिकोलन शिंपडलं होतं. आय माझ्याबरोबर आली होती. उंबऱ्यातच तिच्या नाकात तो वास गेला आणि ती थबकली. या वेळी उठून दुसरीकडे गेली नाही. आत आली, तुमच्या पायाशी बसली आणि म्हणाली, “बाय, तुजा भाव येतोय गो. बोट लागंल इतक्यात.” मग तिनं तुमच्या हाताला चिमटा काढला. हळू. घरातल्या बायका बघत राहिल्या. त्यांना कसं सांगणार?

मी रडले ते तिथं. नंतर फारशी रडले नाही.

तुमचे दिवस झाल्यावर मी दवाखान्यात गेले. कुप्यांचा पत्र्याचा डबा कपाटात तसाच होता. मला तो परत आणायचा होता, खरंच. डॉक्टरांनी ‘तुम्ही आहात तोवर’ म्हटलं होतं, आणि तुम्ही नव्हतात. दुसऱ्या कोणी तो उचलून टाकण्याआधी मी माझ्या हातानं उचलावा, असं ठरवूनच गेले. तुमच्या जागी आलेली नवी सिस्टर, वयानं लहान, म्हणाली, “मला ह्याचं काही सांगितलेलं नाही हो. सरांना विचारा.”

तेवढ्यात डॉक्टर राऊंडला आले. उद्या हर्नियाचं ऑपरेशन असलेला एक म्हातारा, वाणगावकडचा बागायतदार, खाटेच्या कडेला पाय सोडून बसला होता. डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब घेतला, पोट तपासलं. मग माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. मग त्या म्हाताऱ्याकडे वळले, घसा खाकरला, आणि शाळेतल्या मुलानं पाठांतर म्हणावं तसं म्हणाले, “बाबा, कुठला वास सोसवेल तुम्हाला?”

म्हातारा म्हणाला, “वासाचं ऱ्हाऊ द्या. दुकंल काय ते सांगा आधी.”

“दुखेल. थोडं दुखेल. आता वासाचं सांगा.”

म्हातारा म्हणाला, “चिकूच्या फुलाचा. पन आता कुटं फुलं...”

“बघू,” डॉक्टर म्हणाले. नव्या सिस्टरला म्हणाले, “हे उद्यापासून तुम्ही विचारायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, प्रत्येकाला. नको म्हणाला तर नको.” आणि मला म्हणाले, “डबा कुठं नेताय? ठेवा तिथं.”

जाता जाता दारात थांबले. “अजून एक. जुन्या नर्सेस सांगतात, स्पिरिट हुंगलं की उलटीची भावना थांबते. मी ऐकलंय. कधी तपासलेलं नाही.”

ऐकलंत, सिस्टर? म्हणजे त्यात घटक असूही शकतो! मी वळून तुम्हाला सांगायला गेले. तुमच्या खुर्चीवर नवी सिस्टर थर्मामीटर झटकत होती.

भांडण संपलेलं नाही. पण तुमच्या वॉर्डात आता ऑपरेशनआधी प्रत्येक पेशंटला तो प्रश्न विचारतात. कुप्या मी भरते.